छातीच्या मधोमधचा बिंदू: तिथे सुई लावावी का, आणि लावली तर कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ६४. वर्षभरापूर्वी वडील गेले, तेव्हापासून आईच्या छातीवर दडपण येतं. श्वास ‘पुरत नाही’ म्हणते, मध्येच मोठे उसासे टाकते. ईसीजी, टूडी एको, स्ट्रेस टेस्ट सगळं नॉर्मल आलं. नातेवाइकांनी छातीच्या मधोमध बोटाने दाबायचा एक व्हिडिओ पाठवला, आणि घराजवळचे ॲक्युपंक्चरवाले ‘तिथेच सुई लावू’ म्हणताहेत. हाड, त्याखाली लगेच हृदय, आणि तिथे सुई? हे सुरक्षित आहे का, आणि उपयोग तरी होतो का?

तुमची भीती अस्थानी नाही. सुई कातडीखालून आडवी सरकवणार असतील आणि हात शिकलेला असेल, तर हा बिंदू सुरक्षित आहे. सरळ उभी टोचणार असतील, तर नको म्हणा. घरी बोटाने दाबायला हरकत नाही. उपयोगाचं म्हणाल, तर आईंना जे होतंय त्यासाठी हा बिंदू परंपरेने वापरला जातो आणि माझ्या पाहण्यात बऱ्याच जणांना त्याने हलकं वाटतं. पण ‘हलकं वाटणं’ आणि ‘आजार बरा होणं’ यांत मी फरक करतो, तुम्हीही करा.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. तपासण्या नॉर्मल आल्या म्हणजे त्या दिवशी नॉर्मल होत्या. पन्नाशी-साठीच्या बायकांचा हृदयविकार नेहमी डाव्या हातात कळ घेऊन येत नाही. दम लागणं, घाम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, विलक्षण थकवा अशाही रूपात येतो. शिवाय मोठ्या दुःखानंतर हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा एक विकार आहे. जपानमध्ये १९९० साली त्याचं पहिलं वर्णन झालं, नाव ताकोत्सुबो, आणि तो सर्वाधिक दिसतो रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांमध्येच. आईंचा एको नॉर्मल आहे, त्यामुळे आत्ता ती शंका नाही. पण नेहमीपेक्षा वेगळं दडपण आलं, चालताना वाढलं, घाम फुटला, तर कुठलाही बिंदू दाबत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा. हेही लक्षात असू द्या की छातीच्या मधल्या हाडावर दाबल्यावर दुखतं म्हणजे ‘ते स्नायूंचंच आहे’ असा निष्कर्ष घरच्या घरी काढता येत नाही. बरगडीच्या कूर्चेला सूज असली तरी तिथे दुखतं, आणि हृदयाचा त्रास असलेल्या माणसालाही तिथे दाबल्यावर दुखू शकतं.

आता बिंदूकडे. चिनी नाव दानझोंग. काही पुस्तकांत शानझोंग असंही लिहिलेलं आढळेल. आपल्याकडच्या दवाखान्यांत ‘रेन १७’ किंवा ‘सीव्ही १७’ म्हणतात. रेन ही शरीराच्या पुढच्या बाजूने, अगदी मध्यरेषेवरून जाणारी वाहिनी, आणि तिच्यावरचा हा सतरावा बिंदू.

व्हिडिओत सांगतात ‘दोन स्तनाग्रांच्या मधोमध’. पुरुषांत हे चालतं, कारण त्यांचं स्तनाग्र साधारण चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधल्या जागेवर असतं. ६४ वर्षांच्या बाईला हे माप लावलं तर बोट बिंदूच्या बरंच खाली, हाडाच्या खालच्या टोकाजवळ जातं. ते टोक नाजूक असतं, तिथे जोर द्यायचा नसतो. म्हणून बरगड्या मोजायच्या. गळ्याच्या खळग्यात बोट ठेवा आणि हाडावरून खाली सरकवा. चारेक-पाच सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंना जी बरगडी जोडलेली असते ती दुसरी. तिच्या खालची फट दुसरी, मग तिसरी बरगडी आणि तिसरी फट, मग चौथी बरगडी आणि चौथी फट. त्या चौथ्या फटीच्या पातळीवर, मधल्या हाडावर, हा बिंदू. जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाण म्हणून ठरवून दिलेली जागाही हीच आहे.

चिनी मापाने पडताळायचं तर गळ्याच्या खळग्यापासून छातीच्या हाडाचं मुख्य शरीर संपतं तिथपर्यंतचं अंतर नऊ त्सुन धरतात, आणि बिंदू त्या खालच्या टोकापासून १.६ त्सुन वर येतो. त्सुन हे सेंटिमीटरसारखं ठरीव माप नव्हे. ते ज्याच्या त्याच्या अंगावरून काढायचं, आपल्या अंगुळासारखं. ठेंगण्या बाईचा त्सुन लहान, उंच माणसाचा मोठा. बहुतेकांना नेमक्या जागी दाबल्यावर आजूबाजूपेक्षा थोडं जास्त दुखरं लागतं. आईंसारख्या तक्रारीत तर पुष्कळदा नुसतं बोट टेकवल्यावर माणूस ‘हां, इथेच’ म्हणतो.

चिनी वैद्यकात या जागेला एवढं महत्त्व का, हे समजलं की उपचार कुठल्या दिशेने जायला हवा तेही कळतं. दोन हजार वर्षांच्या आसपास जुना असलेला ‘हुआंगदी नेजिंग’ हा त्यांचा मूळ ग्रंथ. त्याच्या ‘लिंगशू’ भागातल्या ३३व्या अध्यायात शरीरातले चार समुद्र सांगितले आहेत, आणि त्यांतला छीचा, म्हणजे आपण ढोबळमानाने प्राणशक्ती म्हणू तिचा, समुद्र म्हणजे दानझोंग. समुद्राला भरती आली तर छाती भरून येते, श्वास कोंडतो, चेहरा लाल होतो. ओहोटी लागली तर बोलायलाही दम पुरत नाही. पुढे ‘नानजिंग’ या ग्रंथात आठ ‘मीलनबिंदू’, म्हणजे शरीरातली एकेक गोष्ट जिथे एकवटते अशा जागा, येतात, त्यांत छीचा मीलनबिंदू हाच. आणि हृदयाभोवतीच्या आवरणाचा, ज्याला ते हृदयाचा रक्षक मानतात त्याचा, पुढच्या बाजूचा बिंदूही हाच. ‘नेजिंग’च्याच ‘सुवेन’ भागात शरीराला दरबाराची उपमा दिली आहे. तिथे दानझोंगकडे दूताचं पद आहे आणि आनंद त्याच्याकडून उमटतो असं म्हटलं आहे. दुःखाने छाती जड झालेल्या माणसाला वैद्य याच जागी का हात लावत आले, ते यावरून ध्यानात येईल.

हे सगळं आधुनिक शरीरशास्त्रात शब्दशः शोधायला जाऊ नये. तरी एक धागा जुळतो. त्या जागेच्या कातडीला चौथ्या आंतरबरगडी चेतातंतूची पुढची फांदी येते, आणि हृदयाकडून येणाऱ्या संवेदनाही मज्जारज्जूच्या जवळपास त्याच पातळ्यांवर पोचतात. आतल्या त्रासाचा पडसाद या जागी जाणवावा आणि इथल्या स्पर्शाने आतल्या ताणावर काही परिणाम व्हावा, हे अगदीच अतर्क्य नाही. यापलीकडे मी दावा करणार नाही.

दवाखान्यात मला भरती आणि ओहोटीचा भेद फार कामाचा वाटतो. एक प्रकारचा रुग्ण येतो तो छाती भरलेली, घसा दाटलेला, उसासा टाकला की क्षणभर मोकळं वाटतं, चिडचिड, झोप तुटक असा. दुसरा येतो तो आवाज खोल गेलेला, जिना चढवत नाही, वाक्य अर्धं सोडून देतो असा. बिंदू एकच, पण पहिल्यात छी मोकळी करून खाली उतरवायची, दुसऱ्यात बळ द्यायचं. तुम्ही लिहिलंय त्यावरून आई पहिल्या प्रकाराच्या वाटतात, उसासे ही त्याची ठळक खूण. अशा वेळी मी एकट्या दानझोंगवर विसंबत नाही. मनगटावरचा नेइग्वान आणि पायाच्या अंगठ्याजवळचा ताइचोंग सोबत घेतो. खरं सांगायचं तर यांत नेइग्वानवर माझी जास्त भिस्त असते. दुसऱ्या प्रकारात मात्र सुयांच्या आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यायला सांगतो.

आता सुई. या बिंदूवर वापरायची सुई साधारण ०.२५ मिलिमीटर जाड आणि २५ मिलिमीटर लांब, निर्जंतुक, एकदाच वापरून टाकायची. कातडी दोन बोटांच्या चिमटीत किंचित उचलायची आणि दहा-पंधरा अंशांच्या कोनात, जवळजवळ आडवी, अर्ध्या त्सुनभर सरकवायची. गोधडीला वरच्याच कापडातून टाका घालावा, खालचा थर पकडू नये, तसं. दिशा तक्रारीवर ठरते. उसासे, उचकी, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं यांत टोक खाली. दम्यात बरेच जण वर करतात. स्तनाच्या तक्रारीत स्तनाच्या बाजूला. रुग्णाला तिथे ताठर, फुगल्यासारखं वाटतं, कधी ती जाणीव छातीभर पसरते. तीक्ष्ण टोचतंय किंवा चटका बसतोय असं वाटलं तर सांगायचं, सुई थोडी मागे घ्यावी लागते. रुग्ण आडवाच हवा. बसवून छातीत सुई लावली की घेरी येणारे पुष्कळ असतात.

आडवी का, याचं उत्तर छातीच्या हाडात आहे. हाड मध्ये आहे, सुई त्याला जाऊन टेकेल आणि थांबेल, अशी अनेकांची समजूत असते. गर्भात हे हाड डाव्या-उजव्या भागांतून जुळून तयार होतं. काहींच्यात ते जुळणं अपुरं राहतं आणि हाडाच्या खालच्या भागात आरपार छिद्र राहून जातं. साधारण ५ ते ८ टक्के लोकांत हे असतं, पुरुषांत थोडं जास्त. आयुष्यभर त्याचा काही त्रास नसतो, त्यामुळे कुणाला पत्ताही नसतो. शवविच्छेदनात असं छिद्र पाहून गोळी लागल्याचा संशय घेतला जाऊ शकतो, म्हणून न्यायवैद्यकाच्या डॉक्टरांना ते मुद्दाम शिकवतात. छिद्रावर चिवट पडदा असतो, त्यामुळे बोटाला ते लागत नाही. साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाही, सीटी स्कॅनमध्ये दिसतं. आणि ते जिथे असतं ती पातळी दानझोंगच्या अगदी जवळची.

नॉर्वेत नेमकं हेच घडलं. छातीच्या मधल्या हाडावर लावलेली सुई अशा जन्मजात छिद्रातून आत गेली, हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साठलं आणि रुग्ण दगावला. १९९५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ही घटना प्रसिद्ध झाली. असे प्रसंग फार विरळ आहेत, हे खरंच. पण आडवी सुई लावली तर जी दुर्घटना घडूच शकत नाही, तिच्या विरळपणाचा हिशेब कशाला करत बसायचा?

गंमत अशी की जुने चिनी वैद्य इथे आपल्यापेक्षा सावध होते. यांग जिझोऊ यांच्या १६०१ च्या ‘झेनज्यू दाचेंग’ या ग्रंथात आधीच्या ग्रंथांचे दाखले देऊन या बिंदूवर सुई वर्ज्य आणि मोक्सा, म्हणजे वाळलेल्या पानांच्या लोकरीचा शेक, योग्य असं नोंदवलं आहे. त्यांना हाडातलं छिद्र ठाऊक होतं की नाही हा वाद घालण्यात अर्थ नाही. अनुभवाने त्यांनी सुई उचलून ठेवली, एवढं दिसतं. आजचा आडव्या सुईचा प्रघात हा मधला मार्ग. मोक्साचा धूर मात्र दमेकऱ्याला मानवत नाही. तिथे शेक द्यायचाच तर धूर नसलेल्या साधनाने.

मध्यरेषा सोडून बाजूला गेलं की धोका बदलतो. तिथे बरगड्यांच्या फटींतून खाली फुफ्फुस आहे. छातीत सुई खोल गेल्याने फुफ्फुसाभोवती हवा शिरणं ही ॲक्युपंक्चरच्या गंभीर दुर्घटनांत सर्वांत जास्त नोंदली गेलेली. खांद्याखालचा झोंगफू किंवा स्तनाखालचा रुगेन हे बिंदू त्यामुळेच आडवे किंवा तिरकेच घेतात. स्तनाग्र हाही नकाशावरचा एक बिंदू आहे, रुझोंग नावाचा, पण तो निव्वळ मापाची खूण. त्यावर ना सुई, ना शेक.

पुरावा काय, हेही तुम्ही विचारलं आहे. एकट्या दानझोंगच्या बाजूने भक्कम, मोठा पुरावा आहे असं मी म्हणणार नाही. हृदयाच्या संदर्भात सर्वांत उल्लेखनीय चाचणी चीनमधली, २०१९ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेली. स्थिर अंजायनाचे, म्हणजे श्रम झाले की ठरावीकपणे छातीत कळ येणारे, ४०४ रुग्ण, नेहमीची औषधं चालू ठेवून चार आठवडे उपचार. योग्य वाहिनीवरच्या बिंदूंच्या गटात छातीत कळ येण्याचं प्रमाण इतर गटांपेक्षा जास्त घटलं. पण ते बिंदू होते नेइग्वान आणि तोंगली, दोन्ही मनगटाजवळचे. छातीला हात न लावता. दम्याच्या बाबतीत कोक्रेनच्या (उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणारी ही संस्था) आढाव्याला शिफारस करण्याइतका पुरावा सापडला नाही, त्यामुळे इन्हेलर बंद करून सुया घ्या असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. नेइग्वानचा शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवरचा उपयोग मात्र बऱ्यापैकी सिद्ध झालेला आहे. माझी नेइग्वानवर जास्त भिस्त का, याचं एक कारण हेही.

बाळंतिणीला दूध कमी येत असेल तर दानझोंग, रुगेन आणि करंगळीच्या नखाच्या कोपऱ्यावरचा शाओझे हे परंपरेतलं ठरलेलं त्रिकूट. मी वापरतो. पण आधी बाळ स्तन नीट तोंडात धरतंय का, दिवस-रात्र किती वेळा पाजलं जातंय हे पाहतो. पुष्कळदा तिथेच प्रश्न सुटतो, आणि श्रेय मात्र सुईला किंवा अळिवाच्या खिरीला जातं.

‘हेच आपलं अनाहत चक्र ना? हेच हृदयमर्म ना?’ असं जवळपास प्रत्येक मराठी रुग्ण विचारतो. जागा शेजारची आहे, एवढंच खरं. सुश्रुतसंहितेत दोन स्तनांच्या मध्ये हृदय हे मर्म सांगितलं आहे आणि ते सद्यःप्राणहर, म्हणजे दुखापत झाली तर लगेच जीव घेणाऱ्या मर्मांत मोजलं आहे. शल्यवैद्याने तिथे जपावं, हा त्यामागचा रोख. चिनी ग्रंथ त्याच परिसरातली एक जागा उपचाराची म्हणून सांगतात. दोन्हींची खिचडी करून ‘हृदयमर्म दाबा, सगळे रोग पळतील’ असं सांगणारे हल्ली फार झालेत, आणि त्यांनी ना सुश्रुत वाचलेला असतो ना नेजिंग.

घरी काय करायचं ते सांगतो. आईंना पाठ टेकून अर्धवट आडवं बसू द्या. वर सांगितल्याप्रमाणे बरगड्या मोजून जागा शोधा. मधल्या बोटाच्या गराने, हवं तर थेंबभर खोबरेल घेऊन, हळूहळू गोल फिरवत एक-दोन मिनिटं दाबा, मग तळव्याने त्याच जागेपासून खाली पोटाच्या वरच्या टोकापर्यंत हलक्या हाताने उतरवत आणा. श्वास सोडण्याचा काळ घेण्यापेक्षा लांब ठेवायला सांगा. जोर लावू नका. या वयात हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, बरगडीला चीर जायला फार लागत नाही. मग नेइग्वान: मनगटाच्या आतल्या घडीपासून त्यांचीच तीन बोटं वर, दोन शिरांसारख्या लागणाऱ्या स्नायुबंधांच्या मध्ये, प्रत्येक हाताला दोन मिनिटं. सकाळी आणि झोपताना. पहिल्या आठवड्यात दाबताना रडू आलं तर घाबरू नका, थांबवूही नका. शेजारी बसा.

ज्यांची बायपास झाली आहे, छातीचं हाड तारेने बांधलेलं आहे, त्यांना मी या बिंदूवर सुई लावत नाही. पेसमेकर असेल तर छातीवर विजेचं यंत्र जोडलेली सुई अजिबात नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुई लावणाऱ्याला आधी सांगायचं आणि नंतर जागा जरा वेळ दाबून धरायची.

तुमच्या घराजवळच्या ॲक्युपंक्चरवाल्यांना तीन गोष्टी विचारा. पहिली, सुई कुठल्या कोनात आणि किती आत. ‘हाडाला टेकेपर्यंत’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून परत या. दुसरी, नोंदणी. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली परिषद आहे, नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. (सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि भारतात घेऊन आले. पण त्या पुण्याईवर आज कुणीही पाटी लावावी असं नाही.) तिसरी, उपचाराच्या वेळी खोलीत स्त्री मदतनीस असेल का, किंवा तुम्ही आत थांबू शकाल का. या बिंदूसाठी ब्लाउजची वरची बटणं काढावी लागतात, बाकी अंगावर चादर राहू शकते. आईंच्या पिढीच्या बायका अवघडल्या तरी बोलत नाहीत, आणि अंग आखडून पडलेल्या माणसाच्या छातीतलं दडपण सुईने कमी होत नाही.

आठवड्यातून दोनदा असे सहा-सात वेळा उपचार झाल्यावर काहीच फरक नसेल, तर पुढे ताणू नका. दरम्यान, झोप लागत नाही, जेवणावरची वासना गेली, ‘आता कशाला जगायचं’ अशी भाषा येते, यातलं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना आत्ताच दाखवा, सुयांचा निकाल लागेपर्यंत थांबू नका. गोळ्या चालू झाल्या तरी सुया आणि दाबणं सोबत चालतं. फक्त दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांचं माहीत असू द्या, आणि रक्तदाबाची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून स्वतः बंद करू नका.